आण्णा, तुमची बिडी मी विझवली

प्रिय आण्णा,

परवा अमावास्येला तुमच्या फोटोपुढची बिडी मी विझवली. भागवतदादानं नुकतीच पेटवून वाटीत ठेवली होती. मी ती उचलली आणि पाण्याच्या तांब्यात बुडवली. सगळ्यांच्या देखत! वहिनीच्या हातातलं नैवेद्याचं ताट तसंच राहिलं. दादा एवढंच म्हणाला, "आण्णाला दिल्याला शब्द हाय त्यो. मोडायचा आसंल तर आण्णाचाच हुकूम आनून दे." मग चप्पल घालून मेंढरांकडे निघून गेला.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. तुमचा हुकूम मी कुठून आणू?

म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, शेवटी तर समोरच्या माणसाचं तोंडही दिसत नव्हतं. तरी लिहिते. दुसऱ्या कुणापुढे रडू? सासरी म्हणतात, माहेरच्या भानगडीत पडू नको. आई असती तर तिच्याशी भांडले असते, पण ती तुमच्याही आधी गेली. राहिलात तुम्हीच.

आधी दादाचं सांगते, तुम्हाला ठाऊक नसणार.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी मेंढरं सोडायला दादा वाघुरीपाशी गेला, कळपाभोवतीची जाळी उचलायला वाकला आणि त्याच्या लक्षात आलं, डाव्या डोळ्याला खालचं काहीच दिसत नाही. आदल्या दिवशी दिसत होतं. दुखत नव्हतं, लाल झालेला नव्हता, पाणी येत नव्हतं. कुसळ गेलं असेल म्हणून त्यानं डोळा धुतला. वहिनीनं शेळीचं दूध घातलं. बारा दिवस त्यानं मला कळवलं नाही. बारा दिवस, आण्णा! मी मांजरसुंब्याजवळ राहते, विलायतेत नाही. फोन आहे माझ्याकडे.

तेराव्या दिवशी वहिनीचा फोन आला. दादाच्या पायाखाली कोकरू चिरडलं. रात्री जन्मलेलं, आईला बिलगून बसलेलं, ते दादाला दिसलंच नाही. दादाच्या पायाखाली! ज्याला तुम्ही पाचव्या वर्षापासून शिकवलंत की कळपात पाय उचलायचा नाही, सरकवायचा. वहिनी म्हणाली, "त्ये कोकरू हातात घिऊन बसल्यात, उठंनात. तुमी या."

मी गेले आणि त्याला नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या. दादाला वाटलं ह्या नर्स आहेत. त्यांनी डोळ्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, मशीनपुढे हनुवटी टेकवून बसवलं आणि डोळ्याच्या आतला फोटो काढला. तो फोटो त्यांनी आम्हाला दाखवला. नारंगी गोल, त्यावर पसरलेल्या बारीक बारीक शिरा आणि वरच्या अर्ध्या भागात रक्ताचे शिंतोडे, कुंकवाची डबी लवंडल्यासारखे. मी म्हटलं, खालचं दिसत नाही आणि रक्त वर कसं? त्या म्हणाल्या, डोळ्यात चित्र उलटं पडतं, वरचा भाग बिघडला की खालचं दिसत नाही.

"ह्या शिरा केसाइतक्या बारीक असतात," त्या म्हणाल्या. "त्यातली रक्त परत नेणारी एक तुंबली. मग मागे रक्त साठलं आणि फुटून पडद्यावर पसरलं. यांचा रक्तदाब खूप वाढलाय. आणि तंबाखू, बिडी, काय आहे?"

"बिडी," मी म्हटलं. "दिवसाला दीड बंडल."

त्यांनी खुर्ची दादाकडे वळवली. "बिडीनं छाती खराब होते हे तुम्हाला माहीत असेल. डोळ्याचं कुणी सांगत नाही. प्रत्येक झुरक्याला ह्या शिरा आवळतात. वर्षानुवर्षं तेच चाललं की त्यांच्या भिंती जाड होतात, रक्त घट्ट होतं, डोळ्याला हवा तेवढा प्राणवायू मिळत नाही. मोठी शीर असेल तर पुष्कळ दिवस सोसते. ही केवढी आहे, बघा तरी!"

मग त्यांनी उजव्या डोळ्याचा फोटो लावला. त्यात रक्त नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इथं अजून वाचलंय. पण ह्या शिरा पाहा, किती चेपल्यात. एकीवर एक जिथं चढते तिथं दाबली गेलीय. डाव्या डोळ्यात इंजेक्शन देऊ, थोडीफार नजर परत येईल. ह्या डोळ्यासाठी मात्र माझ्याकडे इंजेक्शन नाही. रक्तदाबाची गोळी आणि बिडी बंद. आजपासून."

आण्णा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं मी आशाताईचं काम करते. दारोदार फिरून लोकांचा रक्तदाब मोजते. कुणाच्या खिशात बंडल दिसलं की त्याला भर रस्त्यात झापते, लोक मला बघून बिडी पाठीमागे लपवतात. आणि सख्ख्या भावाच्या दंडाला मी एकदासुद्धा पट्टा बांधला नाही. माहेरी गेले की भाकरी खायची, वहिनीशी गप्पा मारायच्या, परत यायचं. का बांधला नाही?

पण खरं पुढेच आहे. दादा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बाई, गोळी घेतो. सुई टोचा. पर बिडी मपली न्हाई, वडलांची हाय."

"वडील ओढतात?"

"वारले त्ये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. सगळं सांगितलं शेवटी. त्या हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. त्यांनी उलट विचारलं, "वडिलांची नजर कशी होती?"

तुमची नजर कशी होती, आण्णा?

तुम्हाला शंभरावर मेंढरं तोंडावरून ओळखू यायची. लोकांना सगळी सारखी दिसतात. तुम्ही मात्र, ही काळतोंडी, ही तिची लेक, ही आष्टीच्या बाजारातनं आणलेली चिडकी, असं सांगायचात. आणि मग हळूहळू तुम्ही माणसाकडे न बघता त्याच्या कानाकडे बघायला लागलात. मला वाटायचं, आण्णा रुसलेत. तुम्ही म्हणायचात, "मधीच धुरकाट दिसतंय. कडंनी समदं चांगलं हाय."

आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की हा मोतीबिंदू. नानाचुलत्याला झाला होता, शेजारच्या म्हातारीला झाला होता, मग तुम्हाला दुसरं काय होणार? आणि मोतीबिंदू पिकावा लागतो, कच्चा काढत नाहीत, हे तर गावातल्या पोराटोरांनाही माहीत! आपण वाट बघत बसलो. दोन वर्षं वाट बघितली. तुम्ही दर बाजाराला मला विचारायचात, "सुमे, बघ गं, पिकला का?" आणि मी तुमची पापणी वर करून, मोठी जाणकार असल्यासारखी, म्हणायचे, "अजून थोडा कच्चा आहे, आण्णा."

काय बघत होते मी त्या डोळ्यात? बिघाड मागच्या पडद्यावर होता. बाहेरून काय दिसणार? बीडला शिबिरात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की ह्यात पिकण्यासारखं काही नाही, मधला पडदा गेलाय, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. घरी येताना तुम्ही एसटीत मला विचारलंत, "आता पिकल्यावर यायचं म्हणले का?" मी हो म्हटलं. तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही, पण पन्नास वर्षांची बिडी आणि मधलंच न दिसणं, ह्यांचा संबंध फार वेळा असतो. दादानं हे ऐकलं, आण्णा. शेजारीच बसला होता. गेटाच्या बाहेर आल्यावर त्यानं बंडल काढलं आणि काडी ओढली. काडी बिडीच्या बोटभर अलीकडेच जळत होती. त्याला टोक सापडत नव्हतं.

तुमचंही असंच व्हायचं, आठवतं? मिशी जळायची, बोटं भाजायची. एकदा तर घोंगडीला भोक पडलं. मला कीव आली. मी पेटवून तुमच्या ओठात द्यायला लागले. आशाताई! गळ्यात ओळखपत्र घालून! तुम्ही डोळे मिटून पहिला झुरका घ्यायचात आणि तुमच्या तोंडावर असं समाधान यायचं की मला वाटायचं, आता ह्या माणसाला दुसरं काय उरलंय? मी प्रेम करत होते. एवढं समजून घ्या.

लहानपणी मात्र हे काम दादाचं होतं. तुम्ही ओट्यावर बसून हाक मारायचात, "बिडी पेटवून आना रं!" आम्ही दोघं चुलीकडे पळायचो. मी निखाऱ्याला लावून तशीच हातात धरून आणायचे, ती ओट्यापर्यंत येईतो विझायची. दादा हुशार. तो दोन झुरके मारून जिवंत ठेवायचा. तुम्ही म्हणायचात, "सुमीला जमत न्हाई. भागवत्या, तू आनत जा." आठ वर्षांचा होता तो. तुम्हाला वाटलं असेल, पोरगं वळणाचं आहे, बापाचं काम ऐकतं. तुम्हाला दोष देऊ का? गावातल्या सगळ्या बापांनी हेच केलं. तरी देते. त्या बिड्या तुम्ही उठून स्वतः पेटवायला हव्या होत्या, आण्णा!

आणि तरी, ऐका, दादानं सोडली होती. तुमचे डोळे गेलेले, बोटं भाजलेली बघून त्यानं बिडी सोडली. दीड वर्ष एकसुद्धा ओढली नाही. त्याच्या अंगाला बिडीचा वास यायचा नाही म्हणून तुम्ही त्याची थट्टा करायचात, "बायकू झालास बे!" तो हसायचा, पण हलला नाही. किती अवघड गेलं असेल त्याला, मला आत्ता कळतंय.

ती परत कुणी लावली? मी लावली.

तुमचा दहावा. ओढ्याकाठी पिंड ठेवला होता. भजी, जिलबी, कपभर चहा, चिमूटभर तंबाखू, सगळं मांडलं होतं. कावळे बाभळीवर बसले होते आणि एकही खाली येत नव्हता. ऊन चढलं. नानानं दादाला पुढे ढकललं, "बोल, म्हाताऱ्याचं मन कशात आडकलंय त्ये बोल." दादा हात जोडून एकेक बोलत गेला. मेंढरं विकणार नाही. सुमीचं माहेर तोडणार नाही. वस्तीवरचं देवाचं ठाणं बांधून काढीन. कावळे हलेनात. बायका रडायला लागल्या, आण्णांचा जीव अडकला म्हणून. मला सहन होईना. तुम्ही तिथं अडकून पडलाय, उन्हात, न दिसणाऱ्या डोळ्यांनी चाचपडताय, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि मी मागून ओरडले, "दादा, बिडीचं म्हण! बिडीचं!"

दादानं नानाकडून बिडी घेतली. पेटवली. पेटवायला झुरका तर घ्यावाच लागतो. दीड वर्षांनंतरचा तो पहिला झुरका. ती पिंडाजवळ ठेवून तो म्हणाला, "आण्णा, तुमची बिडी बंद पडू देनार न्हाई." आम्ही सगळे मागे सरलो आणि कावळा खाली उतरला.

लोक म्हणाले, बघा, म्हाताऱ्याचा जीव बिडीतच होता. रडता रडता हसले. मीही हसले. माझं किती कौतुक झालं, लेकीनं बरोबर ओळखलं म्हणून! तेव्हापासून रोज दिवेलागणीला दादा तुमच्या फोटोपुढे बिडी लावतो. आधी दोन झुरके पेटवायला. मग विझू नये म्हणून मधे दोन. मग उरलेली वाया कशाला घालवायची म्हणून. असं करता करता दीड बंडल झालं.

आता मला वेगळंच वाटतं. तोपर्यंत आम्ही सगळे पिंडाला घेरून उभे होतो. कावळा येणार कसा? बिडी ठेवली म्हणून आम्ही चार पावलं मागे सरलो, आणि त्याला वाट मिळाली. एवढंच असेल का हो ते? एवढ्यासाठी मी दादाला बांधून टाकलं?

परवा हे मी त्याला बोलले. बिडी विझवायच्या आधी तासभर त्याच्या पाया पडत होते. म्हटलं, दादा, उजवा डोळा राहिलाय. तो गेला तर मेंढरं कोण बघणार? वहिनीचं तोंड कसं बघशील? तो शांतपणे म्हणाला, "सुमे, मला समजत न्हाई का? मलाबी भ्या वाटतंय. सकाळी उठलो की आदी डावा डोळा झाकून उजव्यानं बघतो, हाय का गेला. पर आण्णाला शब्द दिलाय. त्यो मोडला आन् आण्णाचा जीव परत आडकला तर? आंधळा बाप हाय, त्येला तिथं कोन हात देनार?"

त्याला नुसतं व्यसन असतं तर मी भांडले असते. व्यसन आहेच, मला दिसतं, संध्याकाळ जवळ आली की त्याची बोटं हलायला लागतात. पण त्याच्या आत ही माया भरलेली आहे आणि दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलीत की मला टोकच सापडत नाही. शेवटी मी बिडी पाण्यात बुडवली. तांब्या पुढे सरकवला आणि म्हटलं, घे, अडकवला आण्णांचा जीव, मी अडकवला. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. वहिनी सांगते, तासाभरानं परत येऊन त्यानं दुसरी लावली.

सोमवारी त्याचं दुसरं इंजेक्शन आहे. सुईला तो येईल. पण संध्याकाळी पुन्हा तुमच्या नावानं काडी ओढेल, आणि एखाद्या सकाळी उजवा डोळा उघडेल आणि समोर काही नसेल. मला झोप लागत नाही, आण्णा. लोकांच्या घरी जाते, रक्तदाब मोजते, आकडा लिहिते आणि पुढच्या घरी गेल्यावर आठवत नाही काय लिहिलं. काल एक बाई म्हणाली, ताई, तुमचंच बघा जरा, तुमचा चेहरा कसा झालाय.

दोन अमावास्या मी तुमची वाट बघितली. स्वप्नात या, म्हटलं. गावात सगळ्यांच्या स्वप्नात सगळे मेलेले येतात. कुणी म्हणतं, मला भजी घाल, कुणी म्हणतं, मला सावलीत ठेव. तुम्हालाच तेवढी सवड नाही? एकदा येऊन त्याला म्हणा ना, बास झालं म्हणून. तुम्ही सांगितलेलं त्यानं कधी टाकलं नाही. ऐन उन्हाळ्यात शेरडं घेऊन बारा कोस जा म्हणालात तर गेला. एवढं एक वाक्य बोला!

नाही बोलणार तुम्ही. मला कळून चुकलंय.

मग मी बोलते. उद्या सकाळच्या एसटीनं मी वस्तीवर जाते आहे. दादाला सांगणार आहे की आण्णा माझ्या स्वप्नात आले होते. काय म्हणाले तेही ठरवलंय. दुपारपासून जुळवत बसले आहे, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, एक शब्द चुकला तर त्याला लगेच कळेल. असं म्हणीन: "भागवत्या, बास कर बे. मपलं भरलं आता. मला तुझ्या बिडीची गरज न्हाई. मला हितं समदं दिसतंय."

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवावं लागलं. तुम्ही असंच बोलला असतात ना? हो ना, आण्णा?

तुमच्याशी मी एकदा खोटं बोलले, एसटीत, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आता तुमच्या नावानं दुसरं बोलणार आहे. तुळशीसमोर उभं करून शपथ घातली, तरी घेईन. शब्द देते, दादाचा उजवा डोळा शाबूत आहे तोवर हे खोटं मी वहिनीजवळ, लेकीजवळ, कुणाजवळही कबूल करणार नाही. ह्यानं तुमचा जीव अडकत असेल तर अडकू द्या. लई माया होती तुमची माझ्यावर, मला माहीत आहे. पण तुम्ही गेलात आणि दादा अजून आहे, आण्णा. मी त्याचा डोळा निवडला, तुम्हाला सोडलं.

तुमच्या नावानं खोटं बोलणारी तुमची लेक,
सुमी